जागेवरून ढळलेले जागेवर आणण्याची विद्या

अकोल्याहून वाशीमकडे निघालेला रस्ता पयनघाटाची काळी, कपाशीची जमीन मागे टाकून बालाघाटाच्या चढाला लागण्यापूर्वी ज्या गावाच्या वेशीजवळून जातो, ते पातूर आज अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठिकाण असले, तरी इंग्रजी अमदानीच्या दप्तरात ते बाळापूर तालुक्यातील एक कसबा म्हणून नोंदलेले आढळते, आणि त्याच्याही आधीच्या काळात शेखबाबू या अवलियाच्या दर्ग्यावरून पातूर शेखबाबू याच नावाने ते सर्वत्र ओळखले जात असे. गावालगतच्या डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी, टेकडीवरचे रेणुकामातेचे देऊळ आणि शेखबाबूंचा दर्गा या तिन्ही ठिकाणी शतकानुशतके माणसे आपापली दुखणी घेऊन आली असतील, यात शंका घेण्याचे कारण नाही. कारण ज्या मुलखात वैद्य दूर आणि डॉक्टर त्याहूनही दूर, तेथे मनुष्य आपल्या शरीराचे गाऱ्हाणे प्रथम देवापुढे आणि पिरापुढेच मांडतो. या गावात आता ग्रामीण आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि त्याच्या अभ्यासक्रमात सुश्रुतसंहिता नेमलेली आहे. ज्या विषयाविषयी मला येथे लिहावयाचे आहे, त्याचा उगम त्या संहितेच्या सूत्रस्थानात आहे. म्हणून एका सर्वस्वी आधुनिक वाटणाऱ्या शस्त्रक्रियेची हकीकत पातुरापासून सुरू करणे मला अस्थानी वाटत नाही.

विषय असा आहे. स्तनांचा आकार वाढविण्यासाठी, किंवा कर्करोगामुळे काढून टाकलेल्या स्तनाच्या जागी नवा स्तन घडविण्यासाठी, सिलिकॉनची पिशवी, म्हणजे ज्याला आता सर्वजण इम्प्लांट म्हणतात ती, छातीत बसविली जाते. आणि काही स्त्रियांच्या बाबतीत ती पिशवी काही महिन्यांनी वा वर्षांनी आपल्या जागेवरून ढळते. ती खाली घसरते, काखेकडे सरते, दुसऱ्या बाजूच्या पिशवीला छातीच्या मध्यरेषेवर जाऊन भिडते, वर अडकून बसते किंवा जागच्या जागी फिरते. मग ती पुन्हा जागेवर आणण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. ही दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा पुष्कळ अवघड असते, असे या क्षेत्रातील जाणते शल्यविशारद सांगतात. आणि तरीही समाजाच्या बोलण्यात तिला स्थान नाही, असलेच तर ते कुचेष्टेचे आहे. हौसेने केले, आता भोगा, अशा अर्थाचे उद्गार सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतात. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. केलेल्या कामाची दुरुस्ती हे या शास्त्राला मागाहून चिकटलेले लांच्छन नसून त्याच्या जन्मापासूनचे ते एक कर्तव्यकर्म आहे, आणि या शास्त्राने जी काही खरी प्रगती केली ती बहुतांशी आपल्याच ढळलेल्या कामाकडे डोळे उघडून पाहिल्यामुळे केली, हे इतिहासावरून दाखविता येते.

सुश्रुताच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायाचा मुख्य विषय कान टोचण्याचा आणि फाटलेली कानाची पाळी सांधण्याचा आहे. पाळी सांधण्याचे पंधरा प्रकार तेथे वर्णिलेले असून अध्यायाच्या अखेरीस, जणू ओघात आल्याप्रमाणे, तुटलेल्या नाकाच्या जागी नवे नाक कसे बसवावे याचा विधी येतो: नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या पानाच्या मापाने गालावरील त्वचेचा तुकडा एका बाजूस जोडलेला ठेवून उचलावा, नाकाचे खोड खरवडून त्यावर तो बसवावा, दोन पोकळ नळ्या घालून नाक उंच धरून ठेवावे, आणि वर पतंग, ज्येष्ठमध व रसांजन यांची पूड टाकून पांढऱ्या कापसाने झाकून त्यावर तिळाचे तेल शिंपडीत राहावे. हा विधी आता शाळकरी मुलांनाही ठाऊक झाला आहे, आणि सुश्रुताच्या गौरवाच्या भाषणांत तो इतक्या वेळा येतो की त्यापुढच्या वाक्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. त्या पुढच्या वाक्यात संहिताकार सांगतो की, नवे नाक कमी पडले असेल तर ते वाढविण्याचा यत्न करावा, आणि त्यावर मांस अधिक वाढले असेल तर ते सारखे करून घ्यावे. म्हणजे आपण बसविलेले अंग अपेक्षेप्रमाणे बसणार नाही, ही शक्यता गृहीत धरूनच त्याने विधी लिहिला. ज्या आचार्याने जगाला नाक बसविण्याची विद्या दिली, त्यानेच त्याच अध्यायात त्या नाकाच्या दुरुस्तीची आज्ञाही देऊन ठेवली, आणि तीत रुग्णाला दोष देणारा एक शब्दही नाही.

यानंतर कित्येक शतके ही विद्या ग्रंथांतून निघून हातांत गेली. कोणत्या वाटेने गेली, हे सांगणारा कागद उपलब्ध नाही; पण अठराव्या शतकाच्या अखेरीस ती महाराष्ट्रात, पुण्याच्या आसपास, एका कुंभाराच्या हाती होती, हे मात्र कागदोपत्री सिद्ध आहे. टिपू सुलतानाशी १७९० ते १७९२ या काळात झालेल्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर असलेला एक मराठा बैलगाडीवान, ज्याचे नाव इंग्रजी कागदांत कावसजी असे पडले आहे, शत्रूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा व मडकी घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले, आणि मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ते काम प्रत्यक्ष पाहिले. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने तेव्हा पुण्यात असलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात चित्रासह सगळी हकीकत छापून आली.

त्या हकीकतीतील तपशील आजही मनन करण्याजोगे आहेत. कारागिराने प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खोडावर नीट बसवून पाहिला, मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढून घेतली. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडविताना दोन डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी त्याने जोडलेलीच ठेवली, कारण नवे अंग जुन्या अंगाशी एकजीव होईपर्यंत त्याला रक्त त्याच पट्टीतून मिळणार होते. कातडी पिळून खाली आणली, खोडाला केलेल्या चिरेत तिच्या कडा बसविल्या, आणि पाण्यात कालविलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर माखून त्या पाचसहा पट्ट्या सांध्यावर ठेवल्या. चार दिवस तेवढेच. मग तुपात भिजविलेली फडकी. पाचसहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घातले. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापून, थोडी आणखी कातडी काढून, नाकाला त्याचा शेवटचा घाट दिला. कुंभाराला ठाऊक होते की अंग बसविणे हे एका दिवसाचे काम नाही. ते बसेपर्यंत त्याला धरून ठेवावे लागते, मग त्याच्याकडे परत यावे लागते आणि पुन्हा सुरी चालवावी लागते. आधुनिक शल्यविशारद ज्याला दुसरा टप्पा म्हणतात तो या अनामिक मराठी कारागिराच्या हिशेबात पहिल्या दिवसापासूनच होता. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, याची खंत मला नेहमी वाटत आली आहे. चित्रकाराचे, वकिलाचे, डॉक्टरांचे, गाडीवानाचेसुद्धा नाव राहिले, आणि ज्याच्या हाताने ते नाक घडले त्याची केवळ जात तेवढी नोंदली गेली.

ती हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने प्रेतांवर सराव केला, योग्य रुग्णाची वीस वर्षे वाट पाहिली, आणि १८१४ च्या ऑक्टोबरात पहिली व त्यानंतर दुसरी अशा दोन शस्त्रक्रिया करून १८१६ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. युरोपातील अर्वाचीन प्लास्टिक सर्जरीचा आरंभ तेथून मोजतात.

वऱ्हाडात ही विद्या परत आली ती दीडशे वर्षांनंतर आणि नागपूरच्या वाटेने. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले, आणि तेव्हापासून अकोला-अमरावतीच्या माणसाला वरची कचेरी, वरचे कोर्ट आणि मोठा दवाखाना यांसाठी नागपूरकडे पाहण्याची सवय जडली, ती १९५६ मध्ये मुंबई राजधानी झाल्यावरही सुटली नाही. स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ मध्ये, नागपुरात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. सी. बालकृष्णन यांनी तेथे प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. या शास्त्राचे स्वतंत्र विभाग देशात प्रथम ज्या थोड्या ठिकाणी निघाले त्यांत नागपूरचे स्थान अग्रभागी आहे, आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या त्यांनी केलेल्या वर्गीकरणाला आजही नागपूर वर्गीकरण असे म्हणतात. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंटिया यांनी, इंग्लंडात सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आल्यावर, हेच काम आरंभिले. पुण्याजवळ कोंढव्याला महारोग्यांची वाकडी झालेली बोटे आणि बसलेली नाके त्यांनी पुन्हा उभी केली. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये महारोग्यांसाठी उभारलेल्या तपोवनातील माणसांची दुखणी याच जातीची होती. १९५७ मध्ये भारतीय प्लास्टिक सर्जनांची संघटना स्थापन झाली.

या पिढीच्या टेबलावर जे रुग्ण आले त्यांत भाजलेल्या बायका आणि मुली फार मोठ्या संख्येने होत्या. चूल, स्टोव्ह, रॉकेल आणि अंगावरचे नायलॉनचे लुगडे यांनी महाराष्ट्रातील घरोघरच्या स्त्रियांचे जे केले, त्याची पुरती मोजदाद कोणी केली नाही. जखम भरून येताना तिच्यावर जी वणाची कातडी धरते ती आकसते. तिच्यात असलेल्या पेशी महिनोन् महिने खेचत राहतात, आणि हनुवटी छातीला, दंड बरगडीला जखडला जातो. लहानपणी छाती भाजलेल्या मुलीच्या बाबतीत तर हे आकुंचन वयात येताना प्रकट होते: स्तनाची वाढ आतून सुरू झालेली असते, पण वरच्या वणाने ती दाबून सपाट धरलेली असते, स्तनाग्र भलत्याच दिशेला ओढलेले असते, स्तनाखालची घडी नाहीशी झालेली असते. शल्यविशारद तो वण चिरून मोकळा करतो, उघड्या पडलेल्या जागी मांडीची कातडी लावतो, आणि दबलेला स्तन आपल्या जागी येतो. स्तन जागेवर आणण्याची शस्त्रक्रिया आमच्याकडे अशी, इम्प्लांटच्या कितीतरी आधी, भाजलेल्या मुलींसाठी सुरू झाली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण या विषयाला श्रीमंतांचा छंद म्हणून हिणविणाऱ्यांना ही बाजू सहसा ठाऊक नसते.

इकडे पाश्चात्त्य जगात स्तनात काहीतरी घालून तो भरून काढण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालले होते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे विन्सेंझ चेर्नी याने १८९५ मध्ये एका स्त्रीच्या स्तनातील गाठ काढल्यावर राहिलेली पोकळी तिच्याच पाठीवरील चरबीची गाठ आणून भरली. हा प्रयोग विवेकाचा होता. त्यानंतर पॅराफिनचे युग आले. व्हिएन्नात गेर्सुनी याने वितळलेले पॅराफिन सुईने शरीरात घालण्याचा मार्ग दाखविला, आणि काही वर्षांतच ते पॅराफिन शरीरात वाटेल तिकडे सरकते, दगडासारख्या गाठी करते आणि कातडी फोडून बाहेर येते हे दिसून आले. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम स्पंज आले. ते आक्रसून कठीण होत. मग पातळ सिलिकॉनची इंजेक्शने आली, आणि त्यांनी पॅराफिनचाच इतिहास नव्याने लिहिला. पॅराफिन आणि पातळ सिलिकॉन या दोहोंत एक दोष समान होता: घातलेली वस्तू मोकळी होती, आणि मोकळ्या वस्तूला शरीरात मुक्काम नसतो.

१९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो यांनी सिलिकॉनच्या पिशवीत सिलिकॉनचाच घट्ट जेल भरून ती प्रथम एका स्त्रीच्या छातीत बसविली. या पहिल्या पिशवीची एक गोष्ट इतिहासकाराच्या नजरेतून सुटू नये. तिच्या मागच्या बाजूला डेक्रॉनच्या जाळीदार कापडाचे तुकडे चिकटविलेले होते, अशासाठी की शरीराच्या ऊती त्या जाळीत शिरून तिला छातीच्या भिंतीला धरून ठेवतील आणि ती घसरणार वा फिरणार नाही. जागा सोडण्याचे भय पहिल्याच पिशवीच्या घडणीत होते. तो उपाय मात्र टिकला नाही. त्या तुकड्यांभोवती कठीणपणा अधिक येतो असे आढळल्यावर ते काढून टाकण्यात आले, आणि गुळगुळीत पिशव्या आल्या, ज्या मऊ राहत पण सहज सरकत. मग पृष्ठभाग खडबडीत करण्याची कल्पना निघाली, म्हणजे पिशवीला पुन्हा धरून ठेवणारे काहीतरी. आणि पुढे जुलै २०१९ मध्ये अशाच एका प्रकारच्या अतिखडबडीत पिशव्या, त्यांच्याभोवती क्वचित उद्भवणाऱ्या एका लसिकापेशींच्या कर्करोगामुळे, जगभरातून परत बोलावल्या गेल्या. धरून ठेवावे तर शरीर प्रतिकार करते, मोकळे सोडावे तर वस्तू ढळते: या दोन टोकांच्या मधली वाट शोधण्यातच या शस्त्रक्रियेची साठ वर्षे गेली आहेत.

वाट शोधताना शल्यविशारदांचे लक्ष हळूहळू पिशवीवरून तिच्या जागेकडे वळले. शरीरात परकी वस्तू गेली की शरीर तिच्याभोवती तंतूंचे एक पातळ आवरण विणते. ती वस्तू सिलिकॉनची असो की बंदुकीची गोळी असो, हा शरीराचा स्वभाव आहे. हे आवरण पातळ व मऊ राहिले तर ते पिशवीचे घर होते. ते आकसले, तर ज्या नियमाने भाजलेला वण हनुवटीला छातीकडे ओढतो त्याच नियमाने ते पिशवीला आवळून गोल व कठीण करते आणि बहुधा वर ढकलते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील डॉ. जेम्स बेकर यांनी या आकुंचनाच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या, ज्या आजही वापरल्या जातात. आणि त्याच काळात असे आकसलेले आवरण दोन्ही हातांनी बाहेरून जोराने दाबून फोडण्याची पद्धत रूढ झाली. सुरी नाही, टाका नाही, म्हणून ती लोकप्रिय झाली, पण तिने पिशव्या फुटल्या, रक्त साकळले, आणि आवरण एका बाजूने फाटून पिशवी तिकडेच निसटू लागली. आता जाणते शल्यविशारद ती करीत नाहीत.

पिशवी कोठे ठेवावी हा दुसरा प्रश्न. प्रथम ती स्तनाच्या ग्रंथीखाली ठेवीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ती छातीच्या मोठ्या स्नायूखाली ठेवण्याची रीत आली, जिच्यामुळे वरची कडा झाकली गेली, पण हात हलवताना स्नायू आकुंचन पावला की तो पिशवीला खाली आणि बाहेर रेटू लागला. २००१ मध्ये डॉ. जॉन टेबेट्स यांनी वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली अशी दुहेरी रचना मांडली, आणि ती सर्वत्र स्वीकारली गेली. तरीही ढळणे थांबले नाही. त्याची कारणे आता पुरती कळली आहेत: अंगाच्या मापाला न पेलणारी मोठी पिशवी, शस्त्रक्रियेच्या वेळी तिच्यासाठी केलेला कप्पा गरजेपेक्षा रुंद होणे, स्तनाखालची घडी खाली उतरविणे, मुळात नाजूक असलेल्या ऊती, पुढच्या काळातील गर्भारपण किंवा वजनातील चढउतार, आणि या सर्वांवर दिवसरात्र चाललेला गुरुत्वाकर्षणाचा अंमल.

यांतील घडीचे महत्त्व मला विशेष वाटते. स्तनाखालची घडी ही वरवर पाहता कातडीतील एक रेषा. पण तिच्याखाली त्वचेला छातीच्या आवरणाशी बांधून ठेवणारे तंतू असतात, आणि घराचा सारा भार जसा जोत्यावर, तसा इम्प्लांटचा सारा भार त्यांच्यावर येतो. जोते खचले की पिशवी खाली उतरते, स्तनाग्र वर पाहू लागते, आणि जुनी घडी पुसली न जाता तशीच राहिली असेल तर एका उंचवट्याखाली दुसरा उंचवटा दिसतो. मध्यरेषेजवळचे तंतू तुटले तर दोन्ही स्तन एकमेकांना मिळतात, आणि हा प्रकार दुरुस्तीला सर्वांत कठीण गणला जातो. आरशापुढे उभ्या राहिलेल्या स्त्रीला हे सारे शल्यविशारदाच्या आधी दिसते, आणि अंगावरचे कपडे, चारचौघींतले वावरणे, नवऱ्याशी बोलणे, यांपैकी कशातच ते तिला विसरता येत नाही.

दुरुस्तीची रीत म्हणाल तर ती मूलतः जोते पुन्हा घालण्याची आहे. प्रारंभी शल्यविशारद आवरणाचा फाजील पसरलेला भाग आतून टाके घालून मिटवू लागले. कप्पा लहान होई, घडी वर येई. पण पातळ आवरणावर घातलेले टाके भाराने कापत जातात, हे अनुभवास आले. मग कोणी आवरणाचाच एक पदर उलटवून तो आधारासाठी वापरला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन मोठे उपाय पुढे आले. एक, जुना बिघडलेला कप्पा दुरुस्त करीत न बसता तो मिटवून टाकावा आणि त्याचे आवरण व स्नायू यांच्या मधल्या थरात अगदी मापाचा नवा कप्पा करावा. पॅट्रिक मॅक्सवेल आणि स्कॉट स्पिअर या अमेरिकन शल्यविशारदांच्या लेखांनी ही रीत प्रचारात आणली. दुसरा, मृत दात्याच्या त्वचेतून सर्व पेशी काढून टाकून उरलेली जी जाळी मुळात भाजलेल्यांसाठी तयार झाली होती, ती घडीच्या ठिकाणी आधार म्हणून शिवावी. येथेही भाजलेल्यांच्या सेवेतून निघालेली वस्तू स्तनाच्या दुरुस्तीला आली. ही जाळी महाग असते, त्यामुळे आपल्याकडे सरसकट वापरता येत नाही, आणि अनेकदा शल्यविशारदाला रुग्णाच्याच ऊतींवर भिस्त ठेवावी लागते. पिशवी लहान करणे हा उपाय तर सर्वांत साधा आणि सर्वांत परिणामकारक असून तो सुचविण्याचे धैर्य शल्यविशारदाने आणि स्वीकारण्याचे धैर्य रुग्णाने दाखवावे लागते. आणि पिशवी काढूनच टाकावी, हवी तर रुग्णाची स्वतःची चरबी भरावी, हाही आज मान्य मार्ग आहे. स्तनात अशी चरबी भरण्यास अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये विरोध केला होता, तो २००९ मध्ये मागे घेतला. चेर्नीचा विवेक शंभरांहून अधिक वर्षांनी पुन्हा मान्य झाला, असेही म्हणता येईल.

या सर्व उपायांत एक गोष्ट सुश्रुताच्या आणि पुण्याच्या कुंभाराच्या वेळेपासून बदललेली नाही, ती म्हणजे थांबणे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ऊतींची सूज उतरून त्या स्थिर व्हायला महिने लागतात, आणि संसर्ग, रक्तस्राव वा तत्सम तातडीचे कारण नसेल तर जाणता शल्यविशारद त्या आधी सुरी हाती घेत नाही. दुरुस्तीनंतरही आधाराची घट्ट कंचुकी, हात वर उचलण्यावर आणि जड उचलण्यावर बंदी, निजण्याची विशिष्ट रीत, हे सारे पाचसहा आठवडे पाळावे लागते. कुंभाराने कावसजीला उताणे निजवून ठेवले होते, त्यामागचा हेतू हाच होता. शेतात राबणाऱ्या, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या, कडेवर मूल घेणाऱ्या वऱ्हाडी स्त्रीला हे आठवडे मिळणे किती कठीण आहे, हे तिच्या घरच्यांनी आधीच ओळखले पाहिजे. ही दुरुस्ती अर्धी शल्यविशारदाच्या हाती असेल तर उरलेली अर्धी सासू, नवरा आणि जाऊ यांच्या हाती आहे.

पातुरातील किंवा बाळापुरातील स्त्रीला या विषयाशी काय कर्तव्य, असे विचारणाऱ्यास माझे उत्तर आहे की, पुष्कळ कर्तव्य आहे. नागपुरातील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयात वऱ्हाडातून स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रिया जातात. शहरांत शिकावयास आणि नोकरीस गेलेल्या मुली परत येतात, आणि त्यांच्यापैकी कोणी इम्प्लांट बसविलेली असेल तर ती ते कोणालाही न सांगता येते. मग काही बिघडले की ती अकोल्याच्या लेडी हार्डिंग किंवा अमरावतीच्या डफरीन या स्त्रियांच्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात जाण्यासही लाजते, आणि कोणी तेल-मालिश सांगतो, कोणी पट्टी बांधतो, कोणी मंत्र देतो. या लज्जेचे मूळ तिच्यात नाही. शरीराच्या बाकी सर्व अवयवांची दुरुस्ती आपण मान्य केली, मोडलेले हाड दुसऱ्यांदा बसविणाऱ्याला कोणी नावे ठेवीत नाही, आणि स्तनाच्या बाबतीत मात्र आपण न्यायाधीश होऊन बसतो. कर्करोगामुळे बसविलेली पिशवी आणि स्वेच्छेने बसविलेली पिशवी असा भेद करणारेही आहेत. मला तो भेद मान्य नाही. दुखणे दोघींचे सारखे, ढळलेली वस्तू सारखी, आणि सुश्रुताने अधिक वाढलेले मांस सारखे करा असे सांगताना नाक कशामुळे गेले, युद्धात की शिक्षेत, याची चौकशी करायला सांगितलेले नाही.

म्हणून ज्या भगिनीच्या अंगी इम्प्लांट असेल, तिला माझी विनंती आहे. पिशवीबरोबर मिळालेले कार्ड, ज्यावर तिचा प्रकार, माप आणि उत्पादनाचा क्रमांक असतो, ते आणि शस्त्रक्रियेचा लेखी तपशील हे दोन कागद घरच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावेत. ते नसतील तर ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथून लेखी मागून घ्यावेत, कारण दुरुस्ती करणाऱ्याला आत काय आहे आणि कोणत्या थरात आहे हे ठाऊक असणे अत्यावश्यक असते. आकार बदलला, एक बाजू खाली गेली, अचानक सूज आली किंवा दुखू लागले, तर मालिशवाल्याकडे न जाता प्लास्टिक सर्जरीतील एम. सीएच. ही पदवी असलेल्या शल्यविशारदाकडे जावे, आणि दुरुस्तीची घाई करणाऱ्यापेक्षा तपासून, मापे घेऊन, थांबायला सांगणाऱ्यावर अधिक विश्वास ठेवावा. आणि पातूरच्या महाविद्यालयात सुश्रुताचा सोळावा अध्याय शिकविणाऱ्या अध्यापकांना विनंती की, नाक बसविण्याच्या विधीपाशी न थांबता त्यांनी त्यापुढचे ते एक वाक्यही विद्यार्थ्यांना समजावून सांगावे.